शब्दपत्रं : डाउट, ट्रिस्ट आणि गाईची पोळी

मागच्या अंकात मी विचारलं होतं, इंग्रजी शब्द शिकताना तुमचं घोडं नेमकं कुठे अडतं? बरीच पत्रं आली. त्यातली सहा इथे घेतली आहेत. नावं छापत नाही. काम आणि गाव तेवढं ठेवलं आहे.

प्रश्न : बाई, सादर नमस्कार. मी एका बँकेच्या शाखेत लिपिक आहे. मार्चअखेरीच्या गडबडीत एका खात्यातली नोंद मला चुकीची वाटली. मी साहेबांना इंग्रजीत चिठ्ठी पाठवली, ‘आय डाउट दॅट धिस एंट्री इज राँग.’ त्यांनी नोंद तशीच ठेवली. दोन दिवसांनी चूक बाहेर आली तेव्हा म्हणाले, ‘चूक नसावी असं तुम्हीच लिहून दिलं होतं.’ मी तर शंका आहे असं लिहिलं होतं. माझं काय चुकलं? (बँक कर्मचारी, लातूर)

उत्तर : तुमची शंका बरोबर होती आणि साहेबांनी चिठ्ठीही बरोबर वाचली. मधल्या मध्ये ‘डाउट’ने घात केला.

मराठीत ‘शंका’ दोन्हीकडे चालते. ‘तो येतोय की नाही, शंकाच आहे’ म्हणजे बहुधा येत नाही. ‘यानेच पैसे घेतले अशी मला शंका आहे’ म्हणजे बहुधा यानेच घेतले. शब्द एक, कल उलटसुलट. तरी आपलं काही अडत नाही, कारण मन कुठे झुकलंय ते वाक्याच्या ठेवणीवरून कळतं. आजच्या इंग्रजीने या दोन कलांना दोन शब्द वाटून दिले आहेत. वहीत अशी व्याख्या लिहा : ‘टु डाउट इज टु थिंक दॅट समथिंग इज प्रॉबेब्ली नॉट ट्रू.’ लगेच तिच्याखाली : ‘टु सस्पेक्ट इज टु थिंक दॅट समथिंग, युज्वली समथिंग बॅड, इज प्रॉबेब्ली ट्रू.’ दोन्ही ओळी एकाखाली एक आल्या की त्यातला ‘नॉट’ डोळ्यांत भरतो. तुमच्या चिठ्ठीत ‘आय सस्पेक्ट’ असतं तर नोंद बहुधा त्याच दिवशी तपासली गेली असती.

या शब्दांची मुळंही मदतीला येतात. ‘डाउट’ हा लॅटिनमधल्या ‘दोन’ या अर्थाच्या शब्दाच्या कुळातला. मन दोन वाटांच्या मध्ये उभं आहे. आपल्या ‘द्विधा’तला ‘द्वि’ त्याच कुळातला. ‘सस्पेक्ट’च्या मुळाशी ‘खालून वर पाहणं’ आहे. मान न उचलता, पापण्यांखालून एखाद्याकडे बघतो ना, तसं. वर्गात मी ते करून दाखवायची आणि मुलीही एकमेकींकडे तसंच बघायच्या.

आता शब्द रुतवायला एक वाक्य हवं. शेक्सपिअरचा हॅम्लेट ओफेलियाला चार ओळी लिहून पाठवतो : ‘डाउट दाउ द स्टार्स आर फायर, डाउट दॅट द सन डथ मूव्ह, डाउट ट्रुथ टु बी अ लायर, बट नेव्हर डाउट आय लव्ह.’ तारे म्हणजे आग, हे खरं मानू नकोस हवं तर. सूर्य फिरतो हेही मानू नकोस. माझ्या प्रेमाबद्दल मात्र अविश्वास नको. यातल्या तिसऱ्या ओळीशी जरा थांबा. तिथे आजचा अर्थ लावला तर ओळ उलटी पडते. ‘सत्यच खोटारडं आहे असा संशय घे’ असं त्याला म्हणायचं आहे. म्हणजे हा डाउट तुमच्या चिठ्ठीतला डाउट! याच नाटकात, वडिलांचं भूत दिसल्याची बातमी कळल्यावर हॅम्लेट स्वतःशी म्हणतो, ‘आय डाउट सम फाउल प्ले.’ यात काहीतरी काळंबेरं आहे असा मला संशय येतोय.

हे नाटक १६०० च्या आसपासचं. तेव्हाचा ‘डाउट’ आपल्या ‘शंके’सारखा दोन्हीकडे चालायचा. स्कॉटलंडमध्ये आजही कुणी ‘आय डाउट इट्ल रेन’ म्हणालं तर छत्री घेऊन निघावं. तुम्ही केलेली चूक चारशे वर्षांपूर्वी चूक नव्हती. पण बँकेची चिठ्ठी आजची आहे. म्हणून अवतरण उतरवताना शेजारी वर्ष लिहावं असा माझा हट्ट असतो. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि काम १९२८ मध्ये पुरं झालं. त्यातल्या लाखो अवतरणांना वर्ष जोडलेलं आहे. शब्द कोणत्या साली कुठल्या अर्थाने वावरत होता ते त्यावरून कळतं.

प्रश्न : बाई, मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतेय. ३००० शब्दांची छापील यादी आणली आहे. रोज ५० शब्द, पुढे मराठी अर्थ, असं पाठ करते. ‘सी’पर्यंत पोचले तोवर ‘ए’ पार पुसला गेला. माझी स्मरणशक्तीच कमी आहे का? (विद्यार्थिनी, परभणी)

उत्तर : तुझी स्मरणशक्ती उत्तम आहे. ‘आलिया भोगासी असावे सादर’ हे तुला येतं ना? त्यातल्या ‘सादर’चा अर्थ कुठल्या यादीतून पाठ केला होतास? तो त्या ओळीबरोबर आला आणि राहिला. यादीत मात्र शब्द एकामागून एक उभे असतात आणि शेजाऱ्याशी त्यांचं नातं एवढंच, की दोघांची सुरुवात सारख्या अक्षराने होते. असल्या नात्यावर काय टिकणार?

यादी महिनाभर कपाटात ठेव. तुझ्या अभ्यासातलाच एक उतारा घे. १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री संविधान सभेत पंडित नेहरूंनी केलेल्या भाषणाची सुरुवात : ‘लाँग इयर्स अगो वी मेड अ ट्रिस्ट विथ डेस्टिनी, अँड नाउ द टाइम कम्स व्हेन वी शॅल रिडीम अवर प्लेज, नॉट होली ऑर इन फुल मेझर, बट व्हेरी सब्स्टॅन्शियली.’ वाक्य एक, आणि त्यात तुझ्या यादीतले निदान चार शब्द.

‘ट्रिस्ट’ची व्याख्या : ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी भेटायचा बेत, बहुतेकदा प्रेमिकांचा, बहुतेकदा गुपचूप. मराठीत ‘नियतीशी करार’ असं भाषांतर नेहमी दिसतं. ते मला कोरडं वाटतं, कारण करारात कागद आणि सही आहे, वाट पाहणं नाही. आपल्या जुन्या काव्यात यासाठी नेमका शब्द आहे, ‘संकेत’. अभिसारिका रात्री निघते ती संकेतस्थळाकडे. आज तोच शब्द आपण वेबसाइटसाठी वापरतो, पण त्याचं मूळ घर ते. नियतीने आणि या देशाने फार वर्षांपूर्वी एकमेकांना वेळ देऊन ठेवली होती आणि ती वेळ त्या मध्यरात्री आली, असा त्या वाक्याचा सूर आहे.

‘प्लेज’ आणि ‘रिडीम’ ही जोडी तर आपल्या घरातलीच. प्लेज म्हणजे शब्द देणं, आणि प्लेज म्हणजे गहाणही. रिडीम म्हणजे गहाण सोडवणं. माझ्या आईच्या पाटल्या एका सावकाराकडे होत्या. सुगी झाल्यावर वडिलांनी त्या सोडवून आणल्या आणि उंबऱ्यातच तिच्या हातात ठेवल्या. मी दहा वर्षांची होते. पुढे कॉलेजात ‘रिडीम’ची व्याख्या वाचली, ‘टु गेट समथिंग बॅक बाय पेइंग व्हॉट इज ओड’, तेव्हा मला त्या पाटल्या दिसल्या. तुझ्या घरात सोसायटीचं कर्ज, सोनेतारण असं काही झालं असेल तर तो प्रसंग या शब्दाला बांध. दिलेला शब्दही असाच अडकून पडतो आणि किंमत मोजून सोडवावा लागतो.

पुढे ‘इन फुल मेझर’. हे बाजारातलं माप. पायली शिगोशीग भरली की फुल मेझर. नेहरू म्हणतात, माप शिगोशीग भरत नाही, पण बऱ्याच अंशी भरतंय. फाळणी झालेल्या देशात, त्या रात्री, हा कमीपणा त्यांनी पहिल्याच वाक्यात कबूल केला आहे. हे कळल्यावर ‘सब्स्टॅन्शियली’ तुला पाठ करावा लागेल का?

आणखी एक वाक्य देते, कारण त्यात शब्द आणि व्याख्या शेजारी शेजारी आहेत. २५ नोव्हेंबर १९४९ ला डॉ. आंबेडकर संविधान सभेत म्हणाले, २६ जानेवारी १९५० ला ‘वी आर गोइंग टु एंटर इंटु अ लाइफ ऑफ कॉन्ट्रॅडिक्शन्स.’ ऐकणाऱ्याच्या मनात प्रश्न यायच्या आत पुढचं वाक्य : ‘इन पॉलिटिक्स वी विल हॅव इक्वॅलिटी अँड इन सोशल अँड इकॉनॉमिक लाइफ वी विल हॅव इनइक्वॅलिटी.’ कॉन्ट्रॅडिक्शन म्हणजे काय हे याहून स्वच्छ मी कुठल्याच कोशात वाचलेलं नाही. अशी वाक्यं शोधत जा.

वहीत एका शब्दाला अर्धं पान दे. शब्द, स्वतःच्या सोप्या इंग्रजीत व्याख्या, वाक्य, बोलणारा आणि साल, शेवटी तुझ्या घरातलं, गल्लीतलं एक वाक्य तुझं स्वतःचं. आठवड्याला दहा शब्द पुरे. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, मग आठवड्याने आणि महिन्याने व्याख्या झाकून वाक्य आठव. वर्षाला पाचशे होतात, आणि ते परीक्षेनंतरही तुझेच राहतात.

प्रश्न : माझा मुलगा आठवीत, सेमी इंग्रजीला आहे. व्याख्या पाठ करतो, पण एक शब्द मागेपुढे झाला की गाडी थांबते. (गृहिणी, डोंबिवली)

उत्तर : त्याला व्याख्या पाठ करायला लावू नका, करायला लावा. स्वयंपाकघरातून सुरुवात करा. सूप घ्या, पाखडायचं. इंग्रजीत त्याला काय म्हणतात हे त्याने सांगायचं नाही. ते कसलं आहे आणि कशासाठी आहे एवढंच. ‘अ फ्लॅट ट्रे मेड ऑफ बांबू, युज्ड फॉर क्लीनिंग ग्रेन.’ झाली व्याख्या. आधी जात सांगायची, ट्रे. मग त्या जातीत हा वेगळा कसा. मग झारा, पळी, किसणी. तुम्ही दुसऱ्या खोलीत बसा, वस्तू त्याच्या हातात. व्याख्येवरून तुम्हाला ओळखता आली तर तो जिंकला.

ही आपली फार जुनी विद्या आहे. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, लक्षण (व्याख्या) करताना तीन दोष टाळायला सांगतात आणि उदाहरण गाईचं देतात. ‘शिंगं असलेला प्राणी ती गाय’ म्हटलं तर म्हैसही आत येते : अतिव्याप्ती. ‘तांबडी ती गाय’ म्हटलं तर पांढरी बाहेर राहते : अव्याप्ती. ‘एका खुराची ती गाय’ म्हटलं तर एकही गाय सापडत नाही : असंभव. मग शास्त्रकार गळ्याखाली लोंबणाऱ्या कातडीशी येतात. संस्कृतात सास्ना, शेतकऱ्याच्या तोंडी पोळी. मुलाने ‘स्पून’ची व्याख्या ‘अ थिंग वी ईट विथ’ अशी केली तर विचारा, मग हात पण स्पून का? अतिव्याप्ती त्याची त्यालाच सापडेल.

पोळीला इंग्रजीत ‘ड्यूलॅप’. शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये अथेन्सचा ड्यूक थीसियस आपल्या शिकारी कुत्र्यांचं कौतुक करतो : कान इतके लांब की सकाळचं दव झाडून काढतील, आणि ‘ड्यूलॅप्ड लाइक थेसॅलियन बुल्स.’ थेसलीच्या बैलांसारखी पोळी असलेले कुत्रे! मुलाला हे सांगा. त्याला चित्र काढावंसं वाटेल.

प्रश्न : डिक्शनरी कोणती घ्यावी? वडिलांच्या वेळची इंग्रजी-मराठी माझ्याकडे आहे. नातीला इंग्रजी-इंग्रजी द्यावी म्हणतो, पण अर्थातल्या शब्दांचेच अर्थ शोधत बसावं लागेल अशी धास्ती वाटते. (निवृत्त पोस्टमास्तर, चिपळूण)

उत्तर : धास्ती खरी आहे. डॉ. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ मध्ये आपला इंग्रजी कोश छापला. त्यात ‘नेटवर्क’, म्हणजे साधी जाळी, या शब्दाची व्याख्या अशी : ‘एनी थिंग रेटिक्युलेटेड ऑर डेकसेटेड, ॲट ईक्वल डिस्टन्सेस, विथ इंटरस्टिसेस बिट्वीन द इंटरसेक्शन्स.’ जाळी समजायला आणखी चार शब्द शोधा. याच माणसाने शिशाच्या पेन्सिलीने पुस्तकांत खुणा करून, मदतनिसांकडून चिठ्ठ्यांवर उतरवून घेऊन, सुमारे १,१४,००० अवतरणं त्या कोशात घातली. ते काम थोरच आहे. पण तो कोश इंग्रजी येणाऱ्यांसाठी होता.

शिकणाऱ्यांसाठी वेगळा कोश हवा, हे ओळखणाऱ्यांत एक होते मायकेल वेस्ट, आणि ते त्यांना सुचलं आपल्या बाजूला, बंगालमध्ये. ते ढाक्याला शिक्षकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयात होते. १९३५ मध्ये त्यांनी एंडिकॉट यांच्यासोबत जो कोश काढला त्यात २४,००० शब्द आणि वाक्प्रचार समजावले होते, आणि समजावायला शब्द वापरले फक्त १,४९०. तेवढे आले की बाकीचा कोश उघडा. जपानमध्ये शिकवणाऱ्या हॉर्नबींनी असाच कोश तिथल्या विद्यार्थ्यांसाठी केला. तो १९४२ मध्ये टोकियोत निघाला, १९४८ मध्ये ऑक्सफर्डने छापला, आणि पुढे ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स’ नावाने आपल्या घराघरांत आला. नातीला असा ‘लर्नर्स’ कोश द्या. छोटी आवृत्ती घेतलीत तरी चालेल, प्रत्येक अर्थाला उदाहरणाचं वाक्य आहे एवढं दुकानातच उघडून बघा.

वडिलांची डिक्शनरी मात्र रद्दीत घालू नका. वस्तू, झाडं, प्राणी यांच्यासाठी मराठी शब्दच झटकन कामाला येतो. ‘मंगूझ’ म्हणजे मुंगूस. तो शब्द इंग्रजीत गेलाच मुळी मराठीतून, त्याची व्याख्या इंग्रजीत वाचत कशाला बसायचं? घोटाळा होतो क्रियापदांत आणि विशेषणांत. ‘डिनाय’ आणि ‘रिफ्यूज’ दोन्हींपुढे आपण ‘नाकारणे’ लिहितो. आरोप नाकारला तर डिनाय, चहा नाकारला तर रिफ्यूज. पहिल्यात ‘हे खरं नाही’ असं म्हणणं आहे, दुसऱ्यात ‘हे मी करणार नाही, घेणार नाही’ असं. अकरावीत मी ‘रिलक्टंट’चा अर्थ ‘नाखूष’ असा पाठ केला होता आणि निबंधात लिहिलं, ‘माय फादर वॉज रिलक्टंट विथ माय मार्क्स.’ आमच्या सरांनी ते खोडलं नाही. समासात एवढंच लिहिलं, ‘रिलक्टंट टु डू व्हॉट?’ काय करायला नाखूष? या शब्दापुढे एखादी कृती उभी असावी लागते, आणि माणूस ती करायला कचरत असतो, हे त्या चार शब्दांनी मला शिकवलं. ती वही माझ्याकडे अजून आहे.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर रोज सुविचार येतात. तेच वहीत उतरवले तर? (दुकानदार, संगमनेर)

उत्तर : बोलणारा आणि साल सापडलं तरच उतरवा. ‘बी द चेंज यू विश टु सी इन द वर्ल्ड’ गांधीजींच्या नावावर फिरतं, पण त्या शब्दांत ते त्यांच्या लेखनात नाही. १९१३ मध्ये त्यांनी ‘इंडियन ओपिनियन’मध्ये लिहिलं ते असं, की आपण स्वतःला बदलू शकलो तर जगातल्या प्रवृत्तीही बदलतील. ‘अ लिटल नॉलेज इज अ डेंजरस थिंग’ हेही तसंच. अलेक्झांडर पोपने १७११ मध्ये ‘लर्निंग’ लिहिलं होतं.

प्रश्न : बाई, मी मस्कतला नर्स आहे. दिवसभर ‘पेशंट’ म्हणते. ‘पेशंट’ म्हणजे धीराचा, असंही शाळेत शिकले होते. हे दोन शब्द एकच आहेत की योगायोग? (परिचारिका, मूळ सावंतवाडी)

उत्तर : एकच आहेत. दोन्हींच्या मुळाशी लॅटिनमधलं ‘सोसणं’ आहे. सोसतो तो पेशंट. आजार सोसणारा रुग्ण झाला, आणि वाट पाहणं, त्रास, लोकांचं बोलणं निमूट सोसणारा धीराचा झाला.

तुमच्यासाठी वाक्य मला लगेच आठवलं. ‘ऑथेल्लो’, दुसरा अंक : ‘हाउ पुअर आर दे दॅट हॅव नॉट पेशन्स! व्हॉट वूंड डिड एव्हर हील बट बाय डिग्रीज?’ ज्यांच्याजवळ धीर नाही ते किती दरिद्री. कोणती जखम कधी क्रमाक्रमाने सोडून एकदम भरली? ‘वूंड’, ‘हील’, ‘पेशन्स’ हे तर तुमच्या रोजच्या कामातले. नवा तेवढा ‘बाय डिग्रीज’ : थोडं थोडं करत, पायरीपायरीने. खोल जखम तळापासून वर भरत येते, ड्रेसिंग बदलताना तुम्ही ते रोज बघता. बोलणाऱ्याचं नाव मात्र जरूर लिहा. हे वाक्य इयागोचं आहे, त्या नाटकातल्या सगळ्यांत दुष्ट माणसाचं. एका उतावळ्या माणसाला आपल्या कारस्थानात अडकवून ठेवायला तो ते बोलतो.

शेवटची ओळ तुमची. ‘बाय डिग्रीज’ घालून तुमच्या वॉर्डातलं एक वाक्य इंग्रजीत लिहा आणि मला पाठवा. पुढच्या अंकात छापते.